फिल्मवर पेण उमटू नये म्हणून

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुमच्याकडे मामांचा किंवा काकांचा फिल्मचा जुना कॅमेरा आला आहे. त्यात तुम्ही कृष्णधवल रोल घातलात, पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात जाऊन ३६ फोटो काढलेत आणि मुंबईच्या लॅबचे दर ऐकल्यावर ‘त्यात काय एवढं, घरीच धुऊ’ असं म्हणालात. दुर्दैवाने हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. आता रोल धुऊन झाला आहे, तो खिडकीशी धरून तुम्ही उभे आहात, आणि त्यावर फोटो सोडून पुष्कळ काही दिसतंय. मागे घरचे उभे आहेत. पहिली सूचना: चेहरा हलू देऊ नका. ‘हं’ म्हणा, मान डोलवा आणि पुढे वाचा.

मी पेणचा. धुलाई मात्र रोह्याला करतो, कारण तिथे आत्याच्या जुन्या घरात बाळंतिणीची खोली आहे. खिडकी नाही, दार एकच, तेही माजघरात उघडणारं. घरातल्या तीन पिढ्या त्या खोलीत जन्मल्या. पुढे बायका बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या आणि खोलीत कांदे आले. आता कांदे बाहेर आणि मी आत. आत्याचं म्हणणं, खोलीला परत काम मिळालं हे चांगलं झालं, पण तुझं एकही मूल धड जन्मत नाही. नवशिक्याने शक्यतो अशी आत्या शोधावी. न मिळाल्यास मोरी, रात्री अकरानंतर, दाराखालच्या फटीत घोंगडी कोंबून.

शास्त्र थोडक्यात उरकतो. फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर दिलेला जिलेटीनचा थर, आणि त्यात अडकलेले चांदीच्या क्षारांचे कण. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो, उरलेले कण हायपो विरघळवून नेतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांना १८१९ मध्ये सापडला, फोटोग्राफी जगापुढे येण्याच्या वीस वर्षं आधी. म्हणजे आधी औषध निघालं आणि मग रोग. ओलं जिलेटीन फुगतं आणि तापवून गार केलेल्या दुधावरच्या सायीइतकं नाजूक होतं, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे अर्धे दोष आपोआप कळतील. जिलेटीन हाडांपासून आणि कातड्यापासून करतात, हे आत्याला कळू देऊ नये. देवघर शेजारीच आहे.

आधी कडा बघाव्यात

नवशिका रोल हातात आला की फोटो बघायला धावतो. शहाण्या माणसाने कडा बघाव्यात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही बाजूंना छिद्रांची रांग असते, आणि त्या रांगेच्या बाहेर कंपनीचं नाव आणि फोटोंचे आकडे असतात. ती अक्षरं कारखान्यातच उजेडाने उमटवलेली असतात, पण फिल्म धुतल्याशिवाय दिसत नाहीत. वैद्य नाडी बघतो तशी ही नाडी.

फोटो एकही नाही, पण आकडे ठसठशीत आहेत? धुलाई उत्तम झाली आहे. कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नव्हती. तुम्ही ३६ वेळा मोकळ्या दातेरी चाकाला गणपती दाखवलात. आकडे फिकट, फोटोही फिकट? डेव्हलपर कमी पडला: वेळ कमी, पाणी गार किंवा औषध शिळं. आकडे नीट, फोटो फिकट? उजेड कमी पडला होता, आणि त्याला आता इलाज नाही. आकडेही नाहीत, फोटोही नाहीत, सगळी पट्टी काचेसारखी स्वच्छ? मग तुमचं आणि माझं नातं जवळचं आहे.

माझा पहिला रोल असाच निघाला. दशमूलारिष्टाच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या, एकीत डेव्हलपर, दुसरीत फिक्सर, म्हणजे हायपोच. कोणती कुठली हे मला पक्कं ठाऊक होतं. अंधारात ते बाटल्यांना ठाऊक नव्हतं. फिक्सर आधी गेला आणि उजेड लागलेले, न लागलेले सगळेच कण सारख्या मायेने घेऊन गेला. डेव्हलपर आला तेव्हा घरात कोणी नव्हतं. उपाय: बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहावीत, एका बाटलीच्या गळ्याला रबरबँड गुंडाळावा म्हणजे अंधारात बोटांना कळेल, आणि काहीही झालं तरी खाण्यापिण्याच्या किंवा औषधाच्या बाटल्या वापरू नयेत. हा शेवटचा नियम शेजारच्या वहिनी ‘जरा चमचाभर दशमूलारिष्ट आहे का’ असं विचारत आल्या त्या संध्याकाळी लागू झाला. आत्या उठून कपाटाकडे निघाली होती.

आणि पट्टी कडेपासून कडेपर्यंत काळी कुळकुळीत असेल तर उजेड. त्याची कारणं अनेक, पण आपल्याकडचं मुख्य कारण एकच: लाइट येणे. लाइट जाण्याने फिल्म खराब होत नाही, उलट तेवढीच अंधाराची सोय होते. मी त्याच आनंदात होतो. लाइट गेली, खोली गडद झाली, मी डबीचं झाकण उघडून फिल्म बाहेर काढली, निवांतपणे धुलाईच्या टाकीत बसणाऱ्या रिळावर चढवत होतो. दिव्याचं बटण चालूच राहिलं होतं. चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लागला तेव्हा माझ्या हातात १६० सेंटीमीटर फिल्म होती, आणि माजघरातून ‘आली गं बाई’ असा आनंदी आवाज आला. तेव्हापासून मी खोलीत शिरताना बल्बच काढून खिशात ठेवतो.

चंद्रकोर

हा दोष पेणकरांनी नीट समजून घ्यावा, कारण त्याचे धार्मिक परिणाम आहेत.

तुम्ही गणपतीचा छान फोटो काढला. निगेटिव्हवर सोंडेच्या वर एक लहानशी काळी कोर दिसते. निगेटिव्हवर काळं ते कागदावर पांढरं, म्हणून फोटो केल्यावर बाप्पाच्या डोक्यावर शुभ्र चंद्रकोर उगवते. चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. इथेही तेच होतं. आळ कॅमेऱ्यावर येतो, लेन्सवर येतो, फिल्म बनवणाऱ्या कंपनीवर येतो, आणि सगळे निर्दोष असतात. ती कोर तुमच्या अंगठ्याची आहे. फिल्म रिळावर चढवताना अडली, तुम्ही जोर केला, ती चिमटली. जिथे तिला बारीकशी घडी पडली तिथल्या कणांना दाब लागला, आणि दाब लागलेले कण उजेड लागल्यासारखेच काळे होतात. उटीच्या सरकारी कारखान्यात पूर्वी जी फिल्म होत असे तिचं नावच ‘इंदू’ होतं, पण त्या इंदूचा या इंदूशी संबंध नाही.

फिल्म अडते का? पेणला जून ते सप्टेंबर हा प्रश्न विचारूच नये. हवा ओली, हात घामेजलेले, प्लॅस्टिकच्या रिळाची खाच दमट, त्यातल्या बारीक गोळ्या चिकटलेल्या. फिल्म बारा-पंधरा फोटोंपर्यंत सुरळीत जाते आणि मग लग्नातल्या रुसलेल्या मेहुण्यासारखी थांबते. इथे जोर करणारा चंद्र बघतो. उपाय असा: रीळ आदल्या दिवशी धुऊन पूर्ण कोरडं करावं, हवं तर केस वाळवायच्या यंत्राने. फिल्मच्या सुरुवातीचे दोन कोपरे कात्रीने गोल कापावेत. अडली की थांबावं, रीळ हलकेच टेबलावर आपटावं, दोन श्वास घ्यावेत. हात पुन्हा ओले झाले असतील तर फिल्म टाकीत ठेवून झाकण लावावं, बाहेर येऊन पंख्याखाली बसावं. कोणी ‘झालं का?’ विचारलं तर ‘निम्मं झालं’ असं सांगावं.

या जोरजबरदस्तीतच आणखी एक दोष जन्मतो. फिल्मची दोन वेटोळी एकाच खाचेत जाऊन एकमेकींना चिकटतात. तिथे ना डेव्हलपर पोहोचतो ना हायपो, आणि खरवसाच्या वडीसारखा दुधाळ, अपारदर्शक ठिपका राहतो. फिल्म परत हायपोत घातली तर ठिपका पारदर्शक होईल. त्याखालचा फोटो मात्र येणार नाही. तो कधी नव्हताच.

तीळ

दसऱ्यानंतर रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते, त्यामुळे ती बघायला बाहेरगावचे लोकही येतात. मी भल्या पहाटेपासून जागा धरून उभा होतो. बंदुका उचलल्या, मी बटण दाबलं, आणि मला त्याच क्षणी कळलं की हा फोटो माझ्या आयुष्यातला चांगला फोटो आहे.

तो तसा होताही. फक्त पहिल्या रांगेतल्या पोलिसाच्या नाकाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढा काटेकोर गोल, काळा तीळ आला होता.

कागदावरचा डाग काळा असेल तर निगेटिव्हवर तिथे पारदर्शक जागा आहे, म्हणजे तिथे चांदी तयारच झाली नाही. डाग पांढरा असेल तर निगेटिव्हवर बहुधा धूळ बसली आहे. एवढं एक सूत्र पाठ केलं तर निम्मी भांडणं मिटतात. वेडावाकडा काळा ठिपका म्हणजे कॅमेऱ्यातच फिल्मवर कण बसला होता, त्याची सावली आली. नीट गोल काळा ठिपका म्हणजे हवेचा बुडबुडा. डेव्हलपर ओतताना फेस झाला, एक बुडबुडा फिल्मला जाऊन चिकटला आणि धुलाई संपेपर्यंत मानवंदना घेत तिथेच बसला.

उपाय: डेव्हलपर टाकीच्या कडेने, एका धारेत ओतावा. ओतून झाल्याबरोबर टाकीचं बूड फळीवर तीन-चार वेळा आपटावं, नारळात पाणी आहे का बघताना आपण वाजवतो त्यापेक्षा जरा जास्त जोराने. पहिली तीस सेकंदं टाकी उलटीसुलटी करावी, पुढे दर मिनिटाला दहा सेकंदं. ताक घुसळल्यासारखी घुसळू नये. फार घुसळलं तर डेव्हलपर कडेच्या छिद्रांतून जोरात घुसतो आणि प्रत्येक छिद्रापासून एकेक पट्टा आत उमटतो, जणू आकाशाला कंगवा केला आहे. मुळीच हलवलं नाही तर वापरून झालेला डेव्हलपर जड होऊन खाली ओघळतो आणि त्याचे ओघळ दिसतात. आणि द्रावण मोजून घ्यावं. पॅटरसनच्या टाकीला ३५ मिलिमीटरच्या एका रोलसाठी २९० मिली लागतं आणि ते तिच्या बुडावर लिहिलेलं असतं. वाचण्यासाठी टाकी उलटी करावी लागते. ती रिकामी असताना करावी. कमी घेतलं तर फिल्मची वरची कड कोरडी राहून सगळ्या निगेटिव्हवर एका बाजूने फिकट पट्टा येतो, कागदावर तो काळा होतो, आणि तुम्ही तो पावसाचा ढग म्हणून खपवायला बघता. रोह्यात मे महिन्यात.

वेळ मोजण्याचं काम आमच्याकडे आत्याकडे आहे. ती दाराबाहेर बसून रामरक्षा म्हणते. तिची रामरक्षा शांतपणे साडेसात मिनिटांत होते, आणि इल्फर्डच्या एचपी-५ फिल्मला कोडॅकचा डी-७६ पाणी न घालता वापरला तर २० अंशांना नेमका तेवढाच वेळ लागतो. हा योगायोग मी ईश्वरी मानतो. मात्र गॅसवर दूध असेल तर तीच रामरक्षा सव्वापाच मिनिटांत संपते आणि फोटो फिकट येतात. फिकट रोलचं खापर फोडण्याआधी घरात दूध कधी आलं होतं ते विचारावं.

घरची बाई आणि फिल्मची धुलाई हे नातं काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा कच्ची फिल्म छिद्रं न पाडता मिळायची. तिला अंधारात बसून भोकं पाडण्याचं काम, औषधं मिसळण्याचं काम आणि फिल्म धुण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या, दादरच्या घरात, सगळ्या कंपनीचा स्वयंपाक सांभाळून. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. मुंबईची ती एप्रिल-मेची हवा आठवा आणि मग आपल्या अडचणी सांगा.

उष्मा

पुस्तकं सगळी थंड देशातल्या लोकांनी लिहिली आहेत. डी-७६ चं सूत्र १९२७ चं. लिटरला दोन ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम सल्फाइट, पाच ग्रॅम हायड्रोक्विनोन, दोन ग्रॅम बोरॅक्स. सगळं मिळतं. त्यापुढे लिहिलेलं असतं ‘२० अंश सेल्सिअस’, आणि ते मिळत नाही. रोह्यात नळाचं पाणी २० अंशांचं हवं तर पौषातल्या पहाटे उठावं. वैशाखात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हातावर घेववत नाही.

मी एकदा हट्टाने २० अंश केलेच. मासळीबाजारातून बर्फाचा तुकडा आणला, घमेल्यात ठेवला, त्यात बाटल्या ठेवल्या. आत्या दोन दिवस बोलली नाही, कारण तो बर्फ आधी कोणाच्या सहवासात होता हे वासावरून कळत होतं. डेव्हलपर २० अंश, फिक्सर २० अंश, सगळं पुस्तकाबरहुकूम. मग ‘आता काय, नुसतं धुवायचं’ म्हणून टाकी नळाखाली धरली. नळाला गच्चीवरचं पाणी.

खारेपाटातलं खाजण उन्हाळ्यात सुकल्यावर चिखलाला भेगा पडतात, तशी बारीक जाळी सगळ्या रोलभर. गार पाण्यात आखडलेलं जिलेटीन गरम पाण्यात एकदम फुगलं आणि जागच्या जागी चुरगळलं. कडेला तर थर प्लॅस्टिकपासून सुटून भाजलेल्या पापडाच्या काठासारखा वर आला होता. आजच्या बहुतेक फिल्मांचं जिलेटीन कारखान्यातच कडक केलेलं असतं, त्यामुळे इतकं सहसा होत नाही. माझी फिल्म जुनी, मुदत कधीच उलटून गेलेली होती, आणि मी तिला एका मिनिटात माघातून वैशाखात नेलं.

तेव्हा २० अंशांचा नाद सोडावा. अंश कितीही असोत, ते सगळ्या भांड्यांत सारखे असावेत, शेवटच्या धुण्याच्या पाण्यासकट. आदल्या रात्री माठ भरून ठेवावा. कोकणच्या दमट हवेत माठ देशावरच्यासारखा गारठत नाही, पण उन्हाळ्यातही सव्वीस-सत्तावीसच्या आसपास येतो, आणि तेवढं पुरे. डेव्हलपर त्याच माठातल्या पाण्याने करावा, बाटल्या त्याच पाण्याच्या घमेल्यात ठेवाव्यात, आणि वेळ कमी करावा. एचपी-५ ला अर्धं पाणी घातलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २७ अंशांना ती साधारण निम्मी होतात. अर्धं पाणी घालण्याचं कारण हेच. निव्वळ डेव्हलपर २७ अंशांना चार मिनिटांतच काम उरकतो, आणि एवढ्या घाईत ओतण्याचे पट्टे राहतात. धुण्याला वाहता नळ लागत नाही. टाकी भरावी, पाच वेळा उलटी करावी, ओतावी. भरावी, दहा वेळा. भरावी, वीस वेळा. तीन तांब्यांत काम होतं. ही युक्ती इल्फर्डची, पण वाटते एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या माणसाची.

डेव्हलपर थांबवायला व्हिनेगर चालतं, तीनपट पाणी घालून. चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं. लिंबूसत्त्व लिटरला पंधरा ग्रॅम हेही उत्तम आणि वास नाही. आगळ वापरू नये. का ते विचारू नये.

तुरटी

जिलेटीन घट्ट करायला फिक्सरमध्ये तुरटी घालतात, असं वाचलं की कोकणातल्या माणसाला घरचं कोणी भेटल्यासारखं होतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायला, दाढी झाल्यावर गालावर फिरवायला, तुरटी घरात असतेच. मी वडिलांच्या दाढीच्या डब्यातला खडा घेतला, वरवंट्याने कुटला आणि सरळ हायपोत टाकला.

पाच मिनिटांत हायपोचं ताक झालं. पिवळसर पांढरं, आणि जळक्या काडीचा वास. तुरटीचं पाणी आंबट असतं. नुसत्या हायपोला आंबट सोसत नाही, तो फाटतो आणि त्यातलं गंधक बाहेर पडतं. दूध फाटतं तसंच, फक्त याचं पनीर होत नाही. त्या फाटक्या हायपोत गेलेल्या फिल्मवर बोटाने पुसता येणार नाही अशी भुकटी बसली. तुरटी घालायची असते, पण क्रमाने: आधी हायपो, मग सल्फाइट, मग ॲसेटिक ॲसिड, आणि ते सगळं पुरतं विरघळल्यावर शेवटी तुरटी. सल्फाइट मध्ये राहून भांडण सोडवतं. आपल्याला घाई असते आणि आपण सुनेला सासूच्या पुढ्यात एकटी बसवतो.

हायपो जिवंत आहे की नाही हे बघायला फिल्मच्या टोकाचा निरुपयोगी तुकडा त्यात टाकावा आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावं. त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवावा. रोल दुधी राहिला तर परत ठेवावा, काही बिघडत नाही. गुलाबी राहिला तर तो फिल्ममधला रंग आहे, पाण्याने आणि थोड्या उजेडाने जातो. या दोषात नाटक नाही म्हणून इथेच थांबतो.

वाळवण

जिथे सगळं गावच वाळवणात हुशार, तिथे फिल्म वाळवण्यात माणूस हरतो, हे मला अजून पटत नाही. पेणच्या गच्च्यांवर उन्हाळ्यात पापड वाळतात, शिवारात मिठागरं वाळतात, कारखान्यांच्या पडव्यांत शाडूचे गणपती वाळतात. फिल्मने यातलं एकही ठिकाण बघू नये.

मी पहिल्यांदा रोल गच्चीत दोरीला टांगला, चिमट्याने, खाली वजनाला दुसरा चिमटा. मे महिना, कडक ऊन, वीस मिनिटांत वाळला. त्यावर काय काय होतं ते भिंगाखाली बघितलं. उडदाचं पीठ होतं, शेजारच्या पापडांचं. शाडूची बारीक माती होती. महामार्गाच्या रुंदीकरणाची लाल धूळ होती. ते काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चालत राहिलं, तेवढ्यात एखादा कण माझ्याही वाट्याला यायचाच. पोह्याच्या गिरणीकडून आलेला कोंड्याचा एक तूस होता, तो बाप्पाच्या चौथ्या हातात अशा बेताने बसला होता की लोकांनी मला विचारलं, हे आयुध कोणतं? ओल्या जिलेटीनमध्ये रुतलेली धूळ सुकल्यावर निघत नाही. परत भिजवून धुतलं तर थोडी निघते, बाकीची आपलीच.

म्हणून फिल्म मोरीत वाळवावी. आधी गरम पाण्याची बादली ओतून खोलीत वाफ करावी, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. अर्ध्या तासाने फिल्म टांगावी आणि दाराला बाहेरून कडी घालावी. घरातल्यांना आधी कल्पना द्यावी. न दिल्यास काय होतं ते सांगण्यासारखं नाही, पण पाहुणे होते.

वाळल्यावर गोल पांढुरके डाग दिसले तर ते पाण्याचे. बोअरवेलच्या मचूळ पाण्याने धुतलं की प्रत्येक थेंब जाताना आपलं मीठ ठेवून जातो, मिठागराचा लहानसा नमुना. शेवटचं पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात ते घ्यावं, आणि त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एकच थेंब. एकच. दोन घातले तर फेसाची नक्षी वाळते. आईने रिठे सुचवले होते. रिठ्याला फेस सुरेख येतो. फोटोही सुरेख आले, पन्नास वर्षांपूर्वीचे वाटावेत असे तपकिरी. फिल्म दोन बोटांत धरून निपटू नये. बोटावर एक वाळूचा कण असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ रेघ. डबीच्या मखमली फटीत कण असला तरी तशीच रेघ येते. मी अशी रेघ असलेला मिठागराचा फोटो ‘वरून विजेची तार जाते’ असं सांगून एका दिवाणखान्यात लावलेला आहे. ती तार पुढे माणसांच्या छातीतून जाते ते अजून कोणी विचारलेलं नाही.

आषाढात दोन दिवस झाले तरी फिल्म वाळत नाही, हा दोष नाही, हा आषाढ आहे. तेव्हा पाली आणि मुंग्या यांच्यावर लक्ष ठेवावं, कारण दोघींनाही जिलेटीन म्हणजे काय ते आत्यापेक्षा चांगलं कळतं. रोह्याच्या एका रोलवर पाच बोटांचे चिमुकले ठसे आहेत, एका फोटोतून चढत पुढच्या फोटोत गेलेले. ते मी ठेवले आहेत. वाळलेल्या निगेटिव्ह लाकडी फडताळात ठेवू नयेत. पावसाळ्यात बुरशी धरते, आणि तिचे कोळिष्टकासारखे तंतू एकदा थरात शिरले की निघत नाहीत. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत तांदूळ कोरडे भाजून, गार करून, कापडात बांधून. मिठाच्या बरणीत टाकतो तेच.

एवढं करूनही

डाग राहतातच. त्यावर पेणकरांपाशी एक उपाय आहे, जो विलायतेत कोणापाशी नाही.

कागदावरचा पांढरा ठिपका पातळ काळ्या रंगाने भरायचा असतो. एक थेंब रंग, बशीत पाणी, एक-दोन केसांचं टोक असलेला ब्रश, आणि न थरथरणारा हात. काळ्या ठिपक्याचं काम जास्त बारीक: निगेटिव्हवरची पारदर्शक जागा आधी रंगाने बुजवायची, म्हणजे कागदावर तिथे पांढरं येतं, मग ते पांढरं वरून भरायचं. माझ्या हाताने पोलिसाच्या नाकावरचा तीळ काढता काढता नाकच गेलं. तेव्हा सुचलं, की आपण ज्या गावात राहतो तिथे गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी माणसं आहेत. हजारो मूर्ती, प्रत्येकीचे दोन डोळे, भुवईची रेघ एका श्वासात. त्यांच्यासाठी माझा ठिपका म्हणजे काय?

चतुर्थी होऊन गेल्यावर, कारखान्यात जरा शांतता असताना, मी असाच एका कारागिरांकडे गेलो. आधी निगेटिव्हवरची जागा बुजवून कागदावर नव्याने काढून आणलेला मानवंदनेचा फोटो दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ब्रश ओठांत ओला केला आणि माझं ‘हळू’ म्हणून व्हायच्या आत तीळ गेला. मग आत्याचा फोटो दिला. ओसरीवर बसलेली, तांदूळ निवडणारी आत्या. चेहऱ्यावर धुळीचे सहा-सात पांढरे ठिपके. ते त्यांनी भरले. फोटो जरा लांब धरून बघितला. परत जवळ घेतला. म्हणाले, डोळे जरा मिटल्यासारखे आलेत. मी म्हटलं, ती खाली बघतेय, तांदूळ निवडतेय. ते म्हणाले, हो, पण नजर हवी.

मी ‘नको’ म्हणेपर्यंत दोन्ही भुवया झाल्या होत्या.

तो फोटो रोह्याला माजघरात, बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर लागला आहे. आत्याचे डोळे लांबट, टपोरे, कोपऱ्याला किंचित लाल वाटावेत असे, आणि माजघरात कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच बघणारे. हातात तांदळाचं सूप. माझे बाकीचे फोटो तिने परत केले. शेजारच्या वहिनी आल्या होत्या तेव्हा आत्या त्यांना सांगत होती की भाचा आता बरा धुतो, सुरुवातीला फार डाग यायचे.